कितवी खेप

उलटी आली तेव्हा माझ्या हातात वजनकाट्याला लटकलेलं अकरा दिवसांचं बाळ होतं.

आमचा काटा स्प्रिंगचा असतो. खाली झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचं, काटा डोळ्यांसमोर धरायचा आणि आकडा वाचायचा. कारेगावात घरोघर जाऊन मी सहा वर्षं हे करत होते, झोपेतही केलं असतं. पण त्या दिवशी बाळाच्या आजीनं नुकतीच मोहरीच्या तेलानं त्याची मालिश केली होती. वारा लागू नये म्हणून दार लावलेलं, आणि कोपऱ्यातल्या गॅसवर त्याच तेलात कसली तरी भजी पडत होती. आकडा दिसला आणि पाठोपाठ घशाशी आंबट पाणी आलं.

बाळ सोडता येईना, तोंड धरता येईना. दात आवळून बाळाला आजीच्या मांडीवर ठेवलं, "आयी हं" असं काहीतरी पुटपुटले आणि खोल्यांच्या मागच्या गटारापाशी जाऊन सकाळचे चुरमुरे, चहा, होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. नळावर तोंड धुतलं, पदरानं पुसलं, परत येऊन बसले.

"क्या हुआ, दीदी?" आजीनं विचारलं.

"ॲसिडिटी है. बहोत."

त्या दीड महिन्यात हे वाक्य मी इतक्यांदा बोलले, की पुढे मलाच वाटायला लागलं, मला खरंच ॲसिडिटी आहे.

मी आशा, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती. गावात सगळे आशाताई म्हणतात. रांजणगावच्या कंपन्यांमुळे आमच्या गावात जमिनींवर पिकांऐवजी खोल्या उगवल्या. एका रांगेत दहा-बारा खोल्या, प्रत्येकीत दोन-चार माणसं, अर्धी बिहार-यूपीची, उरलेली लातूर-नांदेडची. या खोल्या म्हणजे माझा भाग. माझं पहिलं काम कोणतं, तर कुठल्या बाईला दिवस गेलेत ते शोधायचं आणि बारा आठवड्यांच्या आत तिचं नाव गरोदर मातांच्या रजिस्टरमध्ये घालायचं. बायका लपवतात. तीन महिने पुरे झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, ही समजूत आमच्या गावात आहे आणि बिहारमध्येही आहे, एवढं मला हे काम करून कळलं. मी तोंडाची फटकळ. दारात उभी राहून सुनवायचे, "लपवून काय हुतंय? रगात कमी असलं तर दृष्ट काढून वाढतंय का?" बायका हसायच्या आणि नाव सांगायच्या.

आणि मी स्वतः दोन महिन्यांची गरोदर होते आणि माझं नाव माझ्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

याचं कारण दोन वर्षांपूर्वीचं आहे.

तेव्हा मला पहिल्यांदा दिवस गेले. सहाव्या आठवड्यात किटवर दोन रेषा दिसल्या आणि मी त्याच दुपारी नवं रजिस्टर उघडून अनुक्रमांक एकवर स्वतःचं नाव लिहिलं. गावातल्या बायकांना दाखवत फिरले. बघा, मी माझं लपवलं का? सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या एवढंच म्हणाल्या, "आगं, जरा दमानं." मी कुठली ऐकते. उलट्याही तेव्हा भारी व्हायच्या. नवव्या आठवड्याच्या शेवटी अचानक थांबल्या. मी खूश. "सुटले बाई," असं शेजारणीला सांगितल्याचं मला आठवतं. दोन कप चहा पिऊ लागले. आठ दिवसांनी शिरूरला सोनोग्राफीला गेले. डॉक्टर बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी पडदा माझ्याकडून पलीकडे वळवला आणि विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

तेवढ्यानं कळलं. पोटातलं बाळ कधीच थांबलं होतं, आणि मी चहा पीत होते.

पुढच्या महिन्याच्या मीटिंगला प्रत्येक आशेनं आपल्या यादीतले बदल वाचून दाखवायचे असतात. मी उभी राहिले आणि वाचलं, अनुक्रमांक एक, शेरा, गर्भपात. लिहून घेणाऱ्या बाईंनी मान खाली घालूनच विचारलं, "नाव?" मी माझं नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या चांगल्या होत्या, त्यांचा काही दोष नाही. पण मी खाली बसले तेव्हा ठरवलं, पुन्हा कधी राहिलं तर या रजिस्टरला त्याचा वास लागू द्यायचा नाही.

घरी त्या पहिल्याचं नाव कुणी काढलं नाही. आत्या पाहुण्यांना सांगायच्या, "आजून काय न्हाई बगा." म्हणजे झालंच नव्हतं काही. मला तेही बरं वाटायचं आणि त्याचाच रागही यायचा.

या वेळी फक्त ह्यांना आणि आत्यांना माहीत होतं. माझ्या आईलाही नाही. आत्यांनी मला मोरीत ओकताना पाहिलं आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाय, झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन महिनं पुरं हुईस्तवर ह्या कानाचं त्या कानाला कळू द्याचं न्हाई." या खेपेला मी नुसती मान हलवली.

लपवायचं म्हटलं की ओकण्याचंही नियोजन करावं लागतं. पहाटे पाचला डोळे उघडायच्या आधी उशाखालचे चार चुरमुरे तोंडात टाकायचे. त्यानंतरही उठून बसलं की एक उलटी ठरलेली, ती मोरीचा नळ मोठा सोडून उरकायची. आत्यांनी फोडणी मागच्या पडवीत टाकायला सुरुवात केली होती, तरी लसणाचा वास भिंतीतून यायचा. पिशवीत गोळ्यांच्या पाकिटांशेजारी आवळा सुपारी, लिंबाची फोड आणि दोन कॅरिबॅग. फोलिक ॲसिडची गोळी मी बायकांना देते त्याच पाकिटातली एक, मागं वळून, घोटभर पाण्याबरोबर. ती उलटीत पडू नये म्हणून पुढचा अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही.

आणि रस्ता. कुठल्या रांगेत कुठल्या शिफ्टची माणसं राहतात हे मला आधीपासून पाठ होतं. त्यावरून फोडणी कुठं किती वाजता पडणार हे मी काढलं. पहिल्या शिफ्टवाल्यांच्या खोल्या पहाटे चारला शिजवून मोकळ्या होतात, तिथं सकाळी जायचं. जनरलवाल्यांकडे आठच्या आधी पाऊल टाकायचं नाही. रात्रपाळीवाले अकराला उठून जेवण करतात, त्यांच्या रांगेत साडेनऊलाच काम संपवायचं. सहा वर्षं मी सर्वे करत होते, पण गावाचा असा अभ्यास कधी केला नव्हता.

हे सगळं हसण्यासारखं आहे. पण हसू येत नव्हतं, कारण मला दुसरीच सवय लागली होती. दर तासाला कुणाचं तरी बाथरूम मागायचं, कडी लावायची आणि कपड्यावर डाग आहे का बघायचं. नसला की एक तास मिळाला. मग परत. लोकांच्या बाथरूममधल्या बादल्या, कोनाड्यातले साबण, फरशीवर पडलेल्या टिकल्या मला आजही आठवतात. मी तिथं देवाशी बोलायचे. देव म्हणजे कोण तेही ठरलेलं नव्हतं. एवढंच म्हणायचे, आजचा दिवस जाऊ दे.

उलटीचा त्रास व्हायचा आणि उलटी झाली की बरंही वाटायचं. आहे अजून, असं वाटायचं.

वरच्या रांगेतल्या पाचव्या खोलीत बिहारची एक बाई राहत होती. तेविशी-चोविशीची, एका कंपनीत पॅकिंगला. नवरा वेल्डर. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. पाळी कधी आली होती हा प्रश्न मी तिला दोनदा विचारला आणि तिनं दोन्ही वेळा वेगळी तारीख सांगितली. एकदा शेजारच्या खोलीत कांदा परतत होते आणि ही दारात ओढणीनं नाक घट्ट दाबून उभी. मला ते बघून लगेच कळलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते हेच.

मी माझ्या कारेगावी हिंदीत तिला झापलं. "छुपाके क्या होनेवाला है? बारा हफ्ते के अंदर नाम लिखानाच पडता है. कार्ड मिलेगा, गोली मिलेगी, सोनोग्राफी होगी. तुमको समझता नहीं क्या?"

"कुछ नहीं है, दीदी," ती म्हणाली. हसत, पण दार अर्धंच उघडं ठेवून.

पुढच्या आठवड्यात मी परत गेले. माझा हिशेब चुकला, तिच्या नवऱ्याची शिफ्ट बदलली होती आणि ती नको त्या वेळेला भाजी टाकत होती. मोहरीच्या तेलाचा धूर अंगावर आला आणि मला उंबऱ्यावरच ओकारी आली. तिनं गॅस बंद केला, एका हातानं माझी पिशवी ओढून बाजूला घेतली आणि दुसरा हात माझ्या कपाळाला लावला. आई लावते तसा. उलटी थांबेपर्यंत काढला नाही.

पाणी दिलं. मग भाजलेले चणे आणि चिमूटभर काळं मीठ माझ्या तळहातावर ठेवलं. समोर उकिडवी बसून बघत राहिली.

"कितना महीना, दीदी?"

"ॲसिडिटी है."

"अच्छा," ती म्हणाली. "मुझे भी वही है."

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना हसू फुटलं. माझं हसू पुढे रडण्यावर गेलं ते मला आवरेना. तिनं भांडं विसळायला घेतलं. विसळता विसळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पिछले साल भी था. गाँव गये थे तब. सबको बता दिया था." एवढंच. मग म्हणाली, "लिखना मत, दीदी. अभी मत लिखना."

माझ्या मांडीवर रजिस्टर उघडं होतं. पेनचं टोपण निघालेलं होतं. मी टोपण लावलं.

ही माझी चूक. माझ्या जागी दुसरी आशा असती तर मी तिला चार बायकांत फाडून खाल्लं असतं. बाई उलट्या करतेय, उभ्यानं आठ-आठ तास पॅकिंग करतेय, मागं एकदा पडलंय, आणि तिची नोंद नाही, रक्त तपासलेलं नाही, आणि हे आशेला माहीत आहे. मी काय केलं, तर यादीबाहेरच्या गोळ्या तिला दिल्या आणि तिचे चणे खाल्ले. तिला शिकवायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं.

दहावा आठवडा लागला. त्याच्याआधी दोन रात्री मला नीट झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली आणि मी सवयीनं उशाखाली हात घातला. चुरमुरे काढले, आणि लक्षात आलं, नको आहेत. उठून बसले. काही नाही. मोरीत गेले, नळ मोठा सोडला आणि पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिले. काही आलं नाही. पोट शांत होतं.

मग पडवीत गेले. आत्या लसूण ठेचत होत्या. मी त्यांच्या खांद्यावर वाकून फोडणीचा वास घेतला. चांगला वास होता. भूक लागली.

"काय गं?" आत्यांनी विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणाले. त्यांना सांगितलं असतं तर त्यांचे हात थांबले असते, आणि ते मला बघवलं नसतं. हे पहिल्या शिफ्टला गेले होते. कंपनीत मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तीन वाजेपर्यंत फोन लागणार नाही. झाकल्या मुठीचा हा तोटा. मूठ झाकलेली असली की ती कुणी धरत नाही.

किती बायकांना मी स्वतः सांगितलं असेल, की नवव्या-दहाव्या आठवड्यात काहींच्या उलट्या कमी होतात, घाबरायचं नाही. पुस्तकात आहे, ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. त्यातला एक शब्द मला त्या सकाळी उपयोगी पडला नाही. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, आणि माझं दुधानंच पोळलं होतं, याच सुमाराला.

मी पिशवी घेतली आणि सरळ वरच्या रांगेतली पाचवी खोली गाठली. तिला सुट्टी होती. ती कणीक मळत होती.

"तेल डालो," मी म्हणाले.

"क्या?"

"कढई में तेल डालो. सरसों का. गरम करो."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता कढई ठेवली. तेल तापलं, धूर निघाला, तिनं त्यात मिरची-लसूण टाकला. ती ओढणी नाकाला लावून मोरीकडे धावली. मी कढईवर वाकून उभी. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, खोकले. मळमळलं नाही. मी अजून खाली वाकले. तिनं येऊन गॅस बंद केला आणि मला दंडाला धरून मागं ओढलं.

"नहीं आया?"

मी मान हलवली.

"कब से?"

"आज."

तिनं कणकेचे हात धुतले, चप्पल पायात घातली आणि खोलीला कुलूप लावलं.

शिरूर जवळ होतं. वडापच्या जीपनं अर्ध्या तासात पोचलो असतो. पण शिरूरला मला सगळे ओळखतात. किती बायकांना घेऊन मी तिथल्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढले आहे. आणि तो पडदा पलीकडे वळला होता तोही तिथंच. मी म्हणाले, दौंडला जाऊ. दौंड माझं माहेर. वडील रेल्वेत होते, आई-वडील अजून कॉलनीजवळच राहतात. तिथल्या एका बाई डॉक्टरांचा दवाखाना मला लहानपणापासून माहीत होता. जीव टांगणीला लागलेला, आणि मी कुणी बघू नये म्हणून जवळचा दवाखाना सोडून लांबचा निवडला. आता लिहिताना लाज वाटते.

शिरूरहून दौंडची एसटी मिळाली. मी पुढची सीट धरली, मागं धक्के बसतात म्हणून. पाच मिनिटांनी वाटलं, मागं बसले असते तर डिझेलच्या वासानं कदाचित मळमळलं असतं. पुन्हा वाटलं, धक्के. एसटीच्या धक्क्यानं काही होत नाही हेही मी बायकांना सांगते. मी दोन्ही हात पोटावर धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला श्वास धरत होते.

ती माझ्या शेजारी खिडकीशी. गाडी शिरूरच्या बाहेर पडते न पडते तोच तिला सुरू झालं. खिडकीतून डोकं काढून ओकायची, तोंड पुसायची, डोकं मागं टेकायची, परत उठायची. कंडक्टर ओरडला, "ताई, डोकं आत घ्या!" मी तिच्या कपाळाला हात लावून बसले. आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटत होता. इतका, की हात काढून घ्यावा असं एकदा मनात आलं. तिचं आहे, बघा कसं जोरात आहे. माझं गप्प.

मधल्या एका थांब्यावर गाडी जरा वेळ उभी राहिली. तिथं मी तिला सगळं सांगितलं. अनुक्रमांक एक, चहा, पडदा, मीटिंग. ह्यांच्याशीही मी हे इतकं बोलले नव्हते. हिंदीत सांगायला सोपं गेलं, का ते माहीत नाही. शब्द कमी होते म्हणून असेल. ती ऐकत होती. मध्येच तिला एक उबळ आली, तिनं हातानं मला थांबवलं, ओकली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "फिर?"

दौंडला उतरल्यावर मी स्कार्फनं तोंड बांधलं, फक्त डोळे उघडे. माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी आईचा आवाज आल्यासारखं वाटलं आणि मी पाय उचलले. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं नाव लिहून घेतलं, वय लिहिलं, आधार कार्ड घेतलं.

"पहिलीच खेप का?"

"हो," मी म्हणाले.

माझ्या शेजारी ती उभी होती. दोन वर्षं पुण्याच्या जिल्ह्यात काढलेली, मराठी तिला चांगलं कळायचं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत समोर बघायला लागली.

एक लिटर पाणी पाजून तासभर बसवलं. समोरच्या बाकावर एका बाईचं सातव्या महिन्याचं पोट होतं, ती वेफर्स खात होती. मला तिचा रागच आला. माझा नंबर आला. आत टेबलावर झोपले. थंडगार जेल. डॉक्टरांनी वय विचारलं, तारीख विचारली, "पहिलंच ना?" विचारलं, मी मान डोलावली. मग त्या गप्प झाल्या.

हा गप्पपणा मला माहीत होता. मी छताकडे बघत होते. ट्यूबलाइटच्या पट्टीत एक मेलेला किडा होता. मी त्या किड्याकडे बघून म्हणत होते, बोला, काहीतरी बोला, नका बोलू. डॉक्टरांनी यंत्राचं कसलं तरी बटण दाबलं, हात जरा सरकवला, पडद्याकडे डोळे बारीक केले.

आणि म्हणाल्या, "बरोबर कोण आलंय?"

नर्सनं दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या तिला हाक मारली. ती आत आली, माझ्या डोक्याशी उभी राहिली, तिनं माझा खांदा धरला.

"या, इकडं या, दिसेल तुम्हाला," डॉक्टर तिला म्हणाल्या. "एकट्या बाईला दाखवलं की तिला काही आठवत नाही नंतर. म्हणून मी बरोबरच्या माणसाला बोलावते." आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मग खोलीत तो आवाज आला. भराभर, एकसारखा, कुठंतरी पोचायला उशीर झाल्यासारखा.

"ठोके छान आहेत. दहा आठवड्यांना जुळतंय. उलट्या कमी होतात काहींच्या या सुमाराला. घाबरायचं नाही."

माझंच वाक्य. मी रडले आणि रडताना पोट हलायला लागलं, तशा डॉक्टर म्हणाल्या, "अहो, स्थिर राहा, मोजू द्या मला."

बाहेर येऊन मी चपला घातल्या. चपलेचा पट्टा लावता लावताच पुढची भीती हजर झाली. आज आहेत ठोके. उद्या? तीन महिने पुरे व्हायला अजून पंधरा-सोळा दिवस होते.

एसटी स्टँडवर शिरूरच्या गाडीला वेळ होता. मी लिंबूसरबत घेतलं, तिनं नुसतं लिंबू मागून घेतलं आणि मीठ लावून चोखत बसली. मग म्हणाली, "हमको इतना डाँटती हो. और खुद डॉक्टर से झूठ?"

"हं," मी म्हणाले.

"पहला बोल दिया."

मला राग आला. तुला काय करायचंय, असं तोंडाशी आलं. पण ती माझ्यावर चिडलेली नव्हती. ती तिच्या हातातल्या लिंबाकडे बघत होती. मला एकदम कळलं, की मी काउंटरवर "हो" म्हणाले तेव्हा तिला तिचंही आठवलं असणार. तिच्या गावातही कुणी तरी पाहुण्यांना सांगत असेल, अजून काही नाही बघा.

"लिख लो," ती म्हणाली.

"किसका?"

"मेरा. लेकिन पहले अपना. सच्चा."

रजिस्टर पिशवीत होतंच, ते कुठं जातं माझ्याशिवाय. मी ते मांडीवर उघडलं. या वर्षातली अठरा नावं झाली होती. एकोणिसाव्या ओळीत माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. वय. पाळीची शेवटची तारीख. मोबाईल नंबर. दृष्ट लागायची ती लागो, असं म्हणायची हिंमत तेव्हाही नव्हती. आत्यांचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

मग पुढचा रकाना. कितवी खेप.

पेन तिथं थांबलं. कंट्रोल केबिनमधून गाड्या पुकारत होते, आमची नव्हती. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. मराठी अक्षरं तिला वाचता यायची, हिंदीचीच तर असतात. मी लिहीपर्यंत ती हलली नाही.

मी लिहिलं. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं, "दु-स-री."

मग बोट उचलून खालच्या मोकळ्या ओळीवर ठेवलं.

"मेरा भी वही लिखो, दीदी."